गाळून पाठवलेला ओढा

हिंगोलीत आमच्या गल्लीच्या मागून एक ओढा वाहायचा. गावात कुणाच्या घरी लग्न निघालं आहे हे आमच्याआधी त्याला कळायचं. वरच्या अंगाला रंगाऱ्यांची आळी होती. मुंडाशी आणि पातळं रंगवायला पडली की हंड्यांतलं उरलेलं पाणी ओढ्यात यायचं आणि आम्ही बायका मागच्या दारात उभ्या राहून अंदाज बांधायचो. लाल आलं की मुंडासं, हिरवं आलं की नवरीचं पातळ. रंगाऱ्यांच्याही वर एका शेठजींचं कापसाचं जिनिंग होतं. त्याच्या बॉयलरचं काळं, तेलकट पाणी बारा महिने यायचं, त्यामुळे ओढ्याचा रोजचा पोशाख काळाच. बाकीचे रंग सणासुदीपुरते.

आणि हे पाणी आम्ही प्यायचो. थेट नाही हो, तेवढी अक्कल होती. ओढ्याच्या कडेला वाळूत हातभर खोल खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणतात. त्यात झिरपून जे साठेल ते वाटीनं हळूहळू कळशीत भरायचं. वाळूनं पाणी गाळलं जातं, असं सगळे सांगायचे. पण वाळूनं तरी किती म्हणून गाळायचं? लग्नसराईत आमच्या माठातलं पाणी गुलाबी झाक मारायचं आणि वरणातली डाळ काही केल्या शिजायची नाही.

माझं माहेर कुरुंद्याचं. तिथं हळदीच्या पिकाला जे पाणी सोडत, ते इथल्या पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी पाण्याचा घोट घेऊन मी तोंड वाकडं केलं. 'सवय होईल,' एवढंच मला सांगण्यात आलं. झाली पण. माणसाला कशाचीही सवय होते, हीच मोठी पंचाईत आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचे हे बल्दियात, म्हणजे त्या वेळच्या नगरपालिकेत, अहलकार होते. कारकून म्हणा. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि दिवसभर 'हुजूर, हुजूर' करायचे. इतके, की घरात उंबऱ्याला ठेच लागली तरी तोंडातून 'हुजूर' निघायचं. माणूस मनानं चांगला होता, पण वरच्या अधिकाऱ्यासमोर त्यांच्या पाठीचं हाड कुठं जायचं ते मला संसारभर सापडलं नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. ह्यांच्या पाठची दोन लेकरं त्यांनी एकाच उन्हाळ्यात घालवली होती. जुलाब, उलट्या आणि संपलं. कुणी विचारलं की त्या 'वारली' म्हणत नसत. 'वढ्यानं नेली,' म्हणायच्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागायच्या.

मला मुलगी झाली आणि आत्याबाईंच्या मनानं घेतलं की गल्लीत सरकारी विहीर झाली पाहिजे, आणि पोरगी वाटीनं पाणी प्यायला लागायच्या आत झाली पाहिजे. वरच्या आळीत एक गोड्या पाण्याची विहीर होती, पण ती खाजगी. उन्हाळा लागला की मालक तिच्या फाटकाला कुलूप घालायचा. मालकाच्या कारभारणीशी आत्याबाईंची ओळख, म्हणून त्यांना रोज एक लहानशी तांब्याची कळशी भरून मिळायची. ती त्या स्वतः डोक्यावरून आणायच्या. त्या कळशीला घरात कुणी हात लावायचा नाही. ती पोरीची.

एक दिवस आत्याबाई गल्लीतल्या बायका घेऊन थेट बल्दियावर गेल्या. तिथले मोठे साहेब, म्हणजे ह्यांचे हुजूर, भला माणूस. त्यांनी सगळ्यांना सावलीत बसवलं आणि कायदा सांगितला. पाणी खराब आहे, हे आधी साबित व्हायला पाहिजे. हैदराबादहून बाटली येईल, तिच्यात ओढ्याचं पाणी भरून पाठवायचं, तिथले डॉक्टर तपासतील. त्यांनी खराब म्हटलं की विहीर मंजूर.

"साहेब, चार पावलांवर वढा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "येऊन बघा की."

"अम्मा, देखने से साबित नहीं होता," साहेब म्हणाले.

ती बाटली आली तेव्हाचा थाट काय सांगू. लाकडी पेटीत, मऊ गवतात निजवलेली, काचेच्या बुचाची. बल्दियात तिला टेबलावर धुतलेल्या फडक्यावर ठेवली होती. लोक येऊन बघून जात. ह्यांच्याकडं ती भरायचं काम आलं आणि हे आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओढ्यावर गेले. मी मागच्या दारातून बघत होते. झिऱ्यातून घागर भरली, घरी आणली, तुरटी फिरवली, निवळू दिली, मग उपरण्याच्या घडीतून गाळली, मग पुन्हा गाळली.

"अहो, हे काय करून राहिले?" मी विचारलं.

"हैदराबादेत मोठमोठे डॉक्टर ही बाटली उघडतील," हे म्हणाले. "त्यांच्या हातात काय गाळ ठिवायचा? बल्दियाची काही इज्जत हाय की न्हाई?"

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. पण माझ्या नवऱ्याला एकट्याला का दोष देऊ? आमच्या मुलखाची रीतच ती. साहेबाकडं शेंगा पाठवायच्या तर निवडून, तूप पाठवायचं तर कढवून. मग ओढा तरी तसाच कसा पाठवणार?

जबाब आला, पाणी उत्तम आहे. हे घरी आले ते परीक्षेत पहिले आल्यासारखे. आत्याबाईंनी जेवायला वाढलं, पण वाढताना पळी भांड्यावर अशी आपटली की पोरगी दचकून रडायला लागली.

पुढच्या खेपेला बाटली आत्याबाईंनी स्वतः भरली. त्या दिवशी रंगाऱ्यांनी हिरवा रंग काढला होता, वर बॉयलरचा तेलाचा तवंग. बाटली बघून आत्याबाई अगदी प्रसन्न झाल्या. हे मात्र ती धोतराच्या सोग्याखाली लपवून घेऊन गेले. मोठ्या साहेबांनी ती उजेडाला धरली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"इस पर मेरी दस्तखत होगी," ते म्हणाले. "मेरे नाम से ये चीज़ हैदराबाद जाएगी?"

त्यांनी बाटली खिडकीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत रिकामी केली आणि आपल्या बंगल्यातल्या विहिरीचं पाणी भरून, वर लाख लावून, सही करून पाठवून दिली. तो मोगरा पुढं फुलला नाही. पण मोगरा तपासायला हैदराबादला पाठवायचा कायदा नव्हता, म्हणून त्याचं काही साबित झालं नाही.

असंच चालू राहिलं. दर खेपेला बाटली यायची, दर खेपेला कुणी ना कुणी तिची अब्रू राखायचं आणि दर खेपेला ओढा पास व्हायचा. पोरगी रांगायला लागली. त्या उन्हाळ्यात तिचं पोट सारखं बिघडायचं. कळशी दुपारपर्यंत पुरायची, संध्याकाळी मग माठातलं पाणी उकळून, थंड करून द्यायचं. तिनं वाटी तोंडाला लावली की मला भीती वाटायची, साधी सरळ भीती. ती मी कुणाला बोलून दाखवली नाही, कारण आत्याबाईंच्या डोळ्यांत तीच होती.

इकडं हैदराबादेत वेगळंच घडलं. भर गावातून वाहणारा ओढा आणि पाणी इतकं निर्मळ, हे वाचून तिथले मोठे डॉक्टर चकित झाले म्हणे. असा ओढा एकदा डोळ्यांनी पाहायलाच हवा, असं त्यांनी ठरवलं आणि दौऱ्याचा हुकूम आला. बल्दियात धावपळ उडाली. आजवर ओढा गाळून बाटलीत भरला होता, आता बाटलीतला ओढा जमिनीवर करून दाखवायचा होता.

आधी ओढ्यातला कचरा उचलला. मग रंगाऱ्यांना सांगितलं, हंडे बंद. मग शेठजींच्या हातापाया पडून बॉयलर थंड करवला. आणि दौऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे ओढ्यावर जाऊन बघतात तर ओढा नाहीच! नुसती वाळू. तेव्हा उलगडा झाला की उन्हाळ्यात आमच्या ओढ्याला स्वतःचं असं पाणीच नव्हतं. होतं ते सगळं रंगाऱ्यांचं आणि बॉयलरचं.

हे घरी येऊन भिंतीला टेकून बसले. "वढा आटला," म्हणाले. त्यांच्या घरचं माणूस गेल्यासारखा आवाज होता. मला इतकं हसू आलं की मी पोरीला घेऊन मागच्या दारी पळाले.

पण बल्दिया हार मानणारी नव्हती. दौऱ्याच्या दिवशी दिवस उगवताच भिश्ती कामाला लावले. पाठीवर कातड्याच्या पखाली घेऊन ते वरच्या आळीतून रांगेनं यायला लागले आणि ओढ्याच्या वळणावर, बाभळींच्या आड, भडाभडा पाणी ओतायला लागले. आणि पाणी कुठलं? त्याच कुलपाच्या विहिरीचं! आम्हाला कळशी द्यायची तर ती विहीर आटत होती. ओढ्याला प्यायला द्यायचं म्हटल्यावर तिचं फाटक सताड उघडं. आमच्या बायका काय सोडतात? ज्या हाताला येईल ते भांडं घेऊन खाली उतरल्या. तर चपराशी काठी घेऊन धावला.

"हात लावू नका!" तो ओरडत होता. "सायबाचा वढा हाय हा!"

डॉक्टरसाहेब आले. मी दाराआडून पाहिलं. वाळलेला, वयस्कर माणूस, हातात छत्री. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, मग पाण्याच्या पुढं कोरड्या वाळूकडं पाहिलं. दहा पावलांपुढं ओढा वाळूत जिरून संपत होता.

"ये नाला कहाँ से आता है?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एकदम वळणाकडं पाहिलं आणि पुन्हा एकदम खाली पाहिलं. तेवढ्यात बाभळींमागं भडाभडा आवाज झाला आणि ओढ्याला एक लाट आली. डॉक्टरांनी छत्री मिटली. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला इतक्या लांबून दिसलं.

"लोग घर में जो पानी पीते हैं, वो दिखाओ," ते म्हणाले. "किसी भी घर में चलो."

कुठल्याही घरात म्हटल्यावर चपराशी त्यांना आमच्याच घरी घेऊन आला. अहलकाराचं घर, सारवलेलं, बसायला सतरंजी. डॉक्टर ओसरीवर बसले. शेजारी मोठे साहेब, खांबाजवळ आमचे हे, उन्हात घामाघूम झालेली बाकीची मंडळी. मला तर आनंदानं उकळ्या फुटत होत्या. इतक्या बाटल्या वाया गेल्या, पण आज खरा माणूस खरं पाणी बघणार होता. पोरीला कडेवर घेऊन मी माठातून तांब्या भरला. ओढा आटायच्या आधी भरलेलं ते पाणी गुलाबीच होतं, वर बॉयलरचा वास. इतकं छान खराब पाणी मी आजवर कधी भरलं नव्हतं.

आत्याबाई आत आल्या. त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला, मोरीत ओतला, कोनाड्यातल्या पोरीच्या कळशीतून पुन्हा भरला, ताटलीत गुळाचा खडा ठेवला आणि निघाल्या.

मी त्यांचा पदर धरला. "आत्याबाई, काहून? हेच त दाखवायचं होतं!"

"पाहुने हायत पोरी," त्या म्हणाल्या. "उंबऱ्यात आलेल्या मानसाला असलं पानी द्यायचं व्हय?"

आणि गेल्या की हो बाहेर!

डॉक्टर तांब्याभर पाणी प्यायले. मोठे साहेबही प्यायले. मग उन्हातून आलेली बाकीची मंडळी, शेवटी चपराशी. एकाला दिलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं?

"अम्मा, पानी तो मीठा है," डॉक्टर म्हणाले. "यही पीते हैं आप लोग?"

आत्याबाईंनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. "व्हय जी," त्या म्हणाल्या.

मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावर दिवाळी. डॉक्टरांनी मान हलवली, हात जोडले आणि मंडळी डाक बंगल्याकडं गेली. दुपारच्या गाडीनं त्यांना परत जायचं होतं.

त्या वेळी मला आत्याबाईंचा राग आला होता असं म्हटलं तर ते फार सौम्य होईल. मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं. ज्या बाईनं विहिरीसाठी बल्दियाचा उंबरा झिजवला, तिनंच पाहुणचारात विहीर बुडवली. मी भांडी बरीच आदळली.

थोड्या वेळानं पोरगी पाण्यासाठी रडायला लागली. मी कळशी उलटी केली. थेंब नव्हता. पाहुण्यांनी सगळी संपवली होती. मी वाटी घेऊन माठाकडं वळले, तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. किती वेळ धरून उभ्या होत्या कुणास ठाऊक.

"पाहुन्याला देववलं न्हाई," त्या म्हणाल्या, "आन् लेकराला देऊन राहिलो आपुन."

मग त्यांनी माठात तांब्या बुडवला, डोक्यावर पदर ओढला आणि अनवाणी निघाल्या. पोरीला शेजारणीकडं टाकून मी मागं धावले. "आत्याबाई, ऊन लई हाय, वहाणा घाला," असं मी ओरडत होते. त्या ऐकायला तयार नव्हत्या. तांब्यावर हात झाकून, पाणी सांडू न देता, अख्ख्या बाजारातून ती बाई स्टेशनपर्यंत गेली.

गाडी लागली होती. डॉक्टर खिडकीशी बसले होते. फलाटावर मोठे साहेब, आमचे हे, हाराचं ताट. आम्हाला पाहून ह्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

आत्याबाई खिडकीपाशी गेल्या आणि तांब्या वर धरला. "हे आमचं पानी," म्हणाल्या. "हे आमी पितो."

डॉक्टरांनी तांब्या घेतला, आत पाहिलं, वास घेतला. "अम्मा, घर पर तो दूसरा पिलाया था."

"तवा तुमी आमच्या उंबऱ्यात होता. पाहुने होता," आत्याबाई म्हणाल्या. "आता गाडीत बसलात. आता तुमी सरकार झालात. आता हे घ्या."

डॉक्टर हसले नाहीत. मोठे साहेब पुढं झाले. "हुजूर, ये बुढ़िया ज़रा..." डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं. "ये तुम्हारी माँ है? ये तुम्हारे घर का पानी है?"

ह्यांनी मोठ्या साहेबांकडं पाहिलं. मग आईच्या पायांकडं पाहिलं. ते उन्हानं पोळून लाल झाले होते. मी मनातल्या मनात सगळे देव उभे केले.

"जी," हे म्हणाले. "हमारे घर का है। हमारी बच्ची भी यही पीती है।"

पुढं 'हुजूर' लावायचं ते विसरले. लग्न झाल्यापासून मला त्या माणसाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

शिटी झाली. तपासणीची बाटली पेटीत, पेटी वर फळीवर, ती काढायला वेळ कुठला? डॉक्टरांनी तांब्यावर हातरुमाल बांधला आणि तो तसाच मांडीवर घेतला. गाडी हलली. विहीर मंजूर झाल्याचा कागद पुढं रीतसर आला. तांब्या मात्र परत आला नाही, आणि आत्याबाईंनी निजामाच्या सरकारला त्यासाठी कधी माफ केलं नाही. "चांगला जड, भरनीचा तांब्या व्हता," त्या म्हणायच्या.

मंजुरी आली तरी विहीर व्हायला वेळ लागला. मधे राज्य बदलायच्या गडबडीचे दिवस आले, खणणारे गडी पळून गेले, अर्धवट खड्ड्यात कुत्री बसायला लागली. तोवर आमचे हे रोज दिवस उगवायला स्टेशनच्या विहिरीवरून खांद्यावर घागर आणायचे. अहलकारानं घागर उचलली म्हणून बल्दियात हसले लोक. हसू देत. पोरीचं पोट बिघडायचं थांबलं.

विहिरीला पाणी लागलं तोवर अठ्ठेचाळीस साल सरत आलं होतं आणि निजामाचं राज्य गेलं होतं. मोठे साहेब बदलले, दुसरे आले. उद्घाटनाचं ठरलेलं सगळं तसंच राहिलं. तीच खुर्ची, तोच माळी, तसेच हार, फक्त गळा नवा. भाषणात साहेबांनी सांगितलं की ही विहीर नव्या राज्याची देणगी आहे. आमच्या ह्यांनी टाळ्या वाजवल्या. ते भाषण त्यांनीच लिहून दिलं होतं.

पहिली घागर गल्लीतल्या थोरल्या बाईनं काढायची ठरलं होतं. म्हणून आत्याबाई पुढं झाल्या. पहिला तांब्या साहेबांच्या हाती द्यायचा, हे ह्यांनी त्यांना चारचौघांत समजावून सांगितलं होतं. आत्याबाईंनी घागर ओढली, नवा तांब्या भरला. पाणी गढूळसर होतं, नव्या विहिरीचं असतं तसं, पण त्याला रंग नव्हता आणि वास नव्हता. साहेबांनी खुर्चीतून हात पुढं केला.

आत्याबाई त्यांच्या समोरून सरळ पुढं गेल्या. माझी पोरगी माझं लुगडं धरून उभी होती. तिच्यासमोर त्या उकिडव्या बसल्या आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला. साहेबांचा हात तसाच राहिला.

"माय," हे हळूच म्हणाले, "पाहुने थांबलेत."

"थांबतील," आत्याबाई म्हणाल्या. "माजी दोन थांबली न्हाईत."

पोरगी घटाघटा प्यायली. आत्याबाईंनी तिचं तोंड पदरानं पुसलं, मग उठून साहेबांसाठी दुसरा तांब्या भरला.